काठवटीतलं पाणी

ती बादली खाली ठेव, तियाना. बाहेर ओतू नकोस, दाराच्या आत ठेव. हसतेस काय? भट्टीचं कोमट पाणी रात्रभर पडून राहिलं तर कोणाचं काय बिघडतं? सकाळी झाडाला घाल. राकिया दारूची पहिली धार पडायला अजून अवकाश आहे. लाकडं जरा पुढे सारा आणि बसा सगळे, मिलुनचं सांगतो.

मिलुन म्हणजे पुलापलीकडचा मिलुन. खाणीत माझ्याबरोबर आयुष्य काढलेला माणूस. खोटं बोलायला डोकं लागतं आणि ते देवाने त्याला बेताचंच दिलंय, म्हणून मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

गेल्या वर्षी नोव्हेंबर लागताच मिलुन समोरच्या स्तामेना म्हातारीकडे गेला. बाळाला न्हाऊ घालायचा प्लॅस्टिकचा टब तडकला होता, आणि म्हातारीकडे तिच्या पोरांच्या वेळची लाकडी काठवट होती. मिलुनच्या घरात तेव्हा तिघंच. तो, सून यास्ना आणि पाच आठवड्यांचा नातू रेल्या. मुलगा व्लादा ट्रक घेऊन ऑस्ट्रियाकडे. मिलुनची बायको देवाघरी. यास्ना नीश शहरातली, शिकलेली, जिभेने तिखट पण मनाची चांगली.

पण तो पोर! दिवस मावळला की भोकाड पसरायचा ते पहाटेपर्यंत. एका रात्री यास्ना त्याला हातात धरून मिलुनच्या खाटेपाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, याला घ्या. नाहीतर माझ्या हातून काहीतरी होऊन बसेल." मिलुनने उठून पोर आपल्याकडे घेतला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी उपाय सांगितला. रोज संध्याकाळी त्याच वेळी तीच कामं, त्याच क्रमाने. आंघोळ, तेल, सदरा, गाणं, दिवा बारीक. आपोआप बाळाला कळतं की आता रात्र झाली.

काठवट देताना स्तामेना म्हणाली, "एक ध्यानात ठेव. दिवस मावळल्यावर बाळाचं पाणी घराबाहेर जाता कामा नये. चाळीस दिवस होईपर्यंत तर नाहीच. दाराआड झाकून ठेवायचं, सकाळी गुलाबाच्या मुळाशी ओतायचं."

"का गं मावशी?"

"का म्हणून विचारायचं वय राहिलंय का तुझं? जा."

मिलुनने घरी येऊन सांगितलं. यास्ना म्हणाली, "म्हणजे अंधारात पाय अडखळून मीच त्यात पडू? बाबा, तुम्हीसुद्धा ना!" आधीच घरात रडणं, त्यात भांडण कोणाला हवंय? मिलुनने तोंडाला कुलूप घातलं. पाणी बाहेर टाकायचं काम त्याच्याचकडे आलं.

आणि उपाय लागू पडला! आंघोळ झाली. मग बदामाचं तेल, आधी उजव्या पायाला, मग डाव्या. मग सदरा. मग यास्नाच्या आजीचं एक जुनं गाणं, शब्द थोडे आणि गुणगुणणंच जास्त. दिवा बारीक केला, आणि पोर गाढ झोपला. यास्ना जमिनीवर बसून ढसाढसा रडली. मिलुनने स्वयंपाकघराच्या दारातून आलुबुखाराच्या झाडाखाली पाणी भिरकावलं आणि डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी त्या घरात माणसं पोटभर झोपली.

तिसऱ्या संध्याकाळी पाणी टाकलं तेव्हा मिलुन दारातच थबकला. मातीवर पाणी पडलं की फसकन वाजतं, माहीत आहे ना? तसं वाजलं नाही. कोणाच्या तरी गोधडीवर पडावं तसं वाजलं. कुत्रा आपल्या खोपटात शिरला तो बाहेर येईना.

चौथ्या संध्याकाळी पाणी टाकलं, आणि आवाजच आला नाही.

तो उभा राहिला. वाट पाहिली… नाही. पाणी खाली पडलंच नाही.

आता तुम्ही विचाराल, सांगितलं का नाही? मीही विचारलं, चार शिव्या घालून विचारलं. तो मला म्हणाला, "बोझा, पोर झोपत होता रे. मी तोंड उघडलं आणि पुन्हा रडायला लागला असता तर? सुनेचा तो चेहरा मला परत बघायचा नव्हता."

मग आली सात तारीख. शुक्रवार, सेंट दिमित्रीच्या सणाची आदली रात्र. दिवसभर मिलुनच्या जिवाला स्वस्थता नव्हती. दार उघड, दार लाव. अंधार पडला तसा तो म्हणाला, "सूनबाई, आज पाणी आतच ठेवू."

"आज काय झालं तुम्हाला?" यास्नाने काठवट भरून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. पोर आतल्या खोलीत पाळण्यात चुळबुळत होता. एवढ्यात व्लादाचा फोन आला. नवरा-बायको बोलत बसली. न्हाण्याची वेळ टळली.

मिलुन खिडकीशी होता. आलुबुखाराखाली काहीतरी दिसतंय का म्हणून पाहत होता. काहीच नव्हतं. त्याला बरं वाटलं… पण ते बाहेर दिसेना, कारण ते बाहेर उरलंच नव्हतं.

आतल्या खोलीतून पाण्याचा आवाज आला.

चुळुक… चुळुक. हाताने अंगावर घ्यावं तसा.

यास्नाने फोन कानापासून खाली घेतला. "बाबा… काठवट कुठाय?"

काठवट तिच्यासमोरच होती. काठोकाठ भरलेली. वाफ येत होती.

मग वास आला, बदामाच्या तेलाचा. बाटली टेबलावर होती. झाकण घट्ट.

दोघांपैकी कोणाचाही पाय हलेना. फोनमधून व्लादा विचारत होता, "यास्ना? काय झालं? अगं बोल ना…"

मग गुणगुणणं सुरू झालं. तेच गाणं.

यास्नाचे ओठ मिटलेले होते.

गाणं पूर्ण झालं. एकही सूर चुकला नाही. मग दाराच्या फटीतला उजेड हळूहळू… बारीक झाला.

तेव्हा यास्ना किंचाळली आणि आत धावली. मागोमाग मिलुन. खिडकीची कडी लावलेली. खोलीत कोणी नाही. पाळण्यात पोर शांत झोपलेला. केस ओले, नीट विंचरलेले. अंगात धुतलेला सदरा. आणि तळपाय तेलाने चकचकीत.

रात्रभर दोघं त्याला आळीपाळीने छातीशी धरून बसली. उजाडताच यास्ना त्याला घेऊन नीशला माहेरी गेली. मिलुनने तेलाची बाटली नदीत फेकली आणि काठवट परत द्यायला गेला. स्तामेनाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"टाकलंस ना बाहेर?"

मिलुनने मान खाली घातली.

"वेळ लावून दिलीत, क्रम लावून दिलात. बाळाला सवय लावलीत, मिलुन. एकट्या बाळालाच लागेल असं वाटलं तुला?" एवढं बोलून तिने दार लावून घेतलं. काठवट तिने घेतली नाही.

नीशला यास्नाच्या आईचं घर पाचव्या मजल्यावर. तिथे ना झाड, ना अंगण. बाळाच्या तेलाचा थेंबसुद्धा यास्नाने घरात येऊ दिला नाही. आठवड्याने तिचा फोन आला.

"बाबा, रेल्या आता रडत नाही. एकदासुद्धा नाही."

मिलुन म्हणाला, "मग पोरी, चांगलंच आहे की."



"रोज न्हाण्याच्या वेळी, बाबा… मी हातसुद्धा लावत नाही त्याला. तो आधी उजवा पाय वर करतो. थोडा वेळ तसाच धरतो. मग… डावा."

 

व्लादा परत आला तेव्हा तिने त्याच्याबरोबर रेल्याचा एक मोजा पाठवला. लोकरीचा, माझ्या अंगठ्याएवढा. तिने तो कितीदा धुतला, शेगडीवर वाळवला, सोडा लावला. मिलुनने तो फडताळात कागदावर ठेवलाय. परवा गेलो होतो, तेव्हा त्याने काढून माझ्या हातात दिला.

वर्ष झालं, पोरांनो. कागद बदलून बदलून मिलुन थकला…

मोजा अजून ओला आहे. तेलाने.