निधान

सोलापूरच्या बाजारपेठेत सत्त्याहत्तर सालच्या चैत्रात जे घडले, त्याचे निमित्त एक तुटलेली स्प्रिंग होती.

दवाखान्यातील वजनाच्या यंत्रावर नीलांबिका उभी राहिली, यंत्र ‘खट्ट’ म्हणाले आणि काटा शून्यावर जाऊन बसला. कंपाउंडर हसू दाबीत म्हणाला, “समोरच्या आडतदुकानात मोठा काटा आहे. तिथं बघा ना.”

“ज्वारीच्या पोत्यांबरोबर?”

“पोती कुटं तक्रार करत्यात?” सोबत आलेली शिवबाई म्हणाली. तिने नीलांबिकेला लहानपणापासून कडेवर वागविले होते, त्यामुळे तिच्या जिभेला घरात कोणाचीही आडकाठी नव्हती. “चल की बाई, ऊन लई हाय.”

नीलांबिका वैतागलेली होती, आणि तो वैताग अकारण नव्हता. देहाचा भार उतरावा म्हणून मुंबईच्या मामांनी दोन वर्षांपूर्वी तिच्या आतड्याचा मार्ग आखूड करणारी शस्त्रक्रिया करविली. भार काहीसा उतरला. मग रुसून गेलेला जावई परतावा तसा सामानासकट परत आला. गेल्या दिवाळीनंतर तेच पोट पुन्हा उघडून पहिली शस्त्रक्रिया दुरुस्त केली गेली. आता तूप-तेलाचा घास पोटात ठरत नसे, केस फणीबरोबर निघून येत, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येई – आणि वजन मात्र मुंगीच्या पावलाने उतरे. हे घराणे मैंदर्गीकडचे, घरात बोली कानडी. आई सावित्रम्मा रोज पाठीवरून हात फिरवीत म्हणे, “निधान, नीला, निधान.” कानडीत निधान म्हणजे सावकाश. त्या शब्दाचा नीलांबिकेला इतका वीट आला होता की तो ऐकताच तिचे दात एकमेकांवर घट्ट बसत. शिवाय अक्षय्यतृतीयेला मामा येणार होते. तोवर वजन पुरेसे घटले नाही तर तिसरी शस्त्रक्रिया, असा त्यांचा निश्चय होता. आणि तिसऱ्यांदा त्या टेबलावर झोपण्याच्या कल्पनेने तिची रात्रीची झोप उडाली होती.

आडतदुकानाचा तरुण मालक रेवणसिद्ध मोहोळकडचा. गिऱ्हाईक कशासाठी आले आहे हे कळल्यावर तो हसला नाही. खांद्यावरच्या पंच्याने त्याने काट्याचा तळ झटकला आणि मिरचीची धूळ उडून दोघेही एकदमच शिंकली.

“उभ्या राहा… हलू नका.” दांडीवरचे वजन त्याने हलकेच सरकविले.

“किती भरलं वो?” शिवबाईने ओट्याखालून हाक दिली.

“मालाचं वजन मालकाला सांगायचं असतं, बाजाराला नाही,” तो म्हणाला, आणि किंचित वाकून नीलांबिकेला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात त्याने आकडा सांगितला.

रुग्णालयात तोच आकडा परिचारिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओरडून सांगत. नीलांबिकेने मान वर करून प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिले… त्याच्या पापण्यांवर अजून मिरचीची लाल धूळ होती.

दवाखान्याची स्प्रिंग काही लवकर आली नाही, आणि दर गुरुवारचा परिपाठ पडला.

“पाव किलो घट,” तो एकदा हळूच म्हणाला.

“आठवडाभर ताकावर राहून पाव किलो! एवढी तर तुमच्या मिरचीत माती निघते.”

“जास्तच निघते, पण कोणाला सांगू नका.” तो हसला. “आमच्या धंद्यात घट म्हणजे तोटा. माल सुकला की वडील जेवत नाहीत. आणि तुमची घट झाली की मी…”

“तुम्ही काय?”

“मी – पुढच्या गुरुवारची वाट पाहू लागतो.”

“वजन हिचं घटतंय,” शिवबाई पोत्यांना उद्देशून म्हणाली, “आन् सुकतंय कोण, ते दिसतंय की!”

नीलांबिका रागावली, परंतु घरी पोहोचेपर्यंत तो राग तिला सापडेना.

अक्षय्यतृतीयेच्या आधीचा गुरुवार उजाडला. रेवणसिद्धाने दांडी पाहिली, पुन्हा पाहिली. काटा तसूभरही हलला नव्हता. नीलांबिकेचे डोळे भरून आले.

“अहो… असं नका करू,” तो गोंधळून म्हणाला. शब्द जुळेनात, आणि जो जुळला तो असा: “तुम्हाला कसं सांगू… तुम्ही निधान आहात.”

ती ताडकन खाली उतरली. “तुम्हीसुद्धा? घरात आई तेच, दारात शेजारणी तेच, आणि आता आडतदुकानात तुम्ही! मी मंद आहे, माझं वजन मंद आहे – समजलं मला!”

त्याने तोंड उघडेपर्यंत ती रस्ता ओलांडून गेली होती. शिवबाई मात्र त्याच्याशी बोलून बऱ्याच वेळाने, पदर तोंडाला लावून हसत घरी आली.

“काय झालं?”

“मी न्हाय सांगत. त्यालाच इचार.”

अक्षय्यतृतीयेच्या सकाळी मामा आले. सोप्यात बैठक मांडून त्यांनी विचारले, “काटा काय म्हणतो?”

“हलला नाही.”

“मग रात्रीच्या गाडीने निघायचं. मी दोन तिकिटं काढूनच आलोय.”

एवढ्यात उंबऱ्यापाशी रेवणसिद्ध उभा राहिला. कानांच्या पाळ्या लाल, हातात काहीच नाही. मामांना नमस्कार करण्याचेही त्याला भान नव्हते.

“आमच्या घरी कानडी कुणाला येत नाही,” तो नीलांबिकेला म्हणाला. “मी ते मराठीत म्हटलं होतं.”

“काय मराठीत म्हटलं?” मामांनी विचारले.

मराठीत निधान म्हणजे ठेवा, पुरून जपून ठेवलेले धन. नीलांबिका शाळेत मराठीच शिकली होती. परंतु तो शब्द कोणी तिच्यासाठी योजील, हे तिच्या स्वप्नातही नव्हते. शस्त्रक्रियेचे व्रण असलेल्या पोटावर तिचा हात आपोआप गेला आणि तेथेच स्थिरावला.

“मामा,” ती म्हणाली, “मी येणार नाही. हे पोट दोनदा उघडलंत, मी हूं की चूं केलं नाही. आता ते उघडायचं नाही. वजन उतरेल तेव्हा उतरेल, नाही उतरलं तर त्याच्यासकट जगेन.”

“आणि लग्न? अशा देहाला कोण…”

“मी,” रेवणसिद्ध म्हणाला.

“आधी मला विचारलंत का?” नीलांबिका त्याच्यावर उसळली.

“विचारतो… आत्ता विचारू?”

“मामांच्या देखत नको!”

सावित्रम्मेने डोळ्यांना पदर लावला. मामांनी कपाळावर हात मारून घेतला. “अरे, पण माझी तिकिटं? दोन आहेत!”

“एकावर तुमी बसा,” शिवबाई म्हणाली, “दुसऱ्यावर पाय पसरा की!”

नीलांबिका लाजून आत वळली, आणि वळता वळता उंबऱ्यातल्या त्या भाबड्या माणसाला म्हणाली, “उन्हात काय उभे आहात? आत या. पन्हं देते.”