अकरा नंबरवरचा रुमाल

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटवायची मला हौस नाही. मेलेल्या नवऱ्यावर खोटं रचून मला काय मिळणार?

साल १९७६. गणपतीच्या आधीचा बुधवार. कोल्हापुरातला मोठा दवाखाना. वेळ भर दुपारची, बाराची.

माझा नवरा गैबी. गडमुडशिंगीत भांड्यांना कल्हई करायचा. लोकांची भांडी आतून चकाचक, स्वतःचं लिव्हर मात्र दारूनं पार सडवलेलं. पोटात पाणी भरायचं. दवाखान्यात सुई घालून ते बादलीत काढायचे. आठ दिवसांत घरी. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरती.

पोट फुगलं की माझा, उतरलं की गुत्त्याचा.

वर्षात पाच खेपा झाल्या. त्याला बघितलं की वॉर्डातली आया विठाबाई ओरडायची, "आलं बघा पावणं! अकरा नंबर झाडा रं!"

हा निर्लज्ज हसायचा. घरी सोडलं की निघताना अकरा नंबरच्या खाटेवर आपला लाल चौकड्याचा रुमाल टाकायचा. एसटीत खिडकीतनं टाकतात, तसा.

"जागा धरलीया," म्हणायचा.

विठाबाई शिव्या घालत तो रुमाल वरच्या खुंटीला अडकवायची.

लग्नाच्या नवलाईत हाच रुमाल टाकून तो एसटीत माझी जागा धरायचा. कोपऱ्याला निखाऱ्यानं पडलेलं भोक होतं. तेव्हा मला त्या भोकाचंसुद्धा कौतुक!

पाचव्यांदा सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता प्यालात, तर इथवर पोचणारही नाही." यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

तिसऱ्या दिवशी तोंडाला वास.

तेव्हा माझ्या मनानं घेतलं... रुमाल तिथं आहे, तोवर हा पिणार. परतायला जागा आहे ना साहेबांना! तो रुमालच घरी आणायचा.

त्या बुधवारी तो घरीच घागरीएवढं पोट घेऊन पडला होता.

"कुठं चाललीस?"

"तुझी जागा सोडवायला."

"नगो, मदिना. मग मी बसू कुठं?"

"कबरीत बस जा!"

गुत्त्यावर जाऊ नये म्हणून बाहेरून कुलूप घातलं. किल्ली कनवटीला.

वॉर्डात पाऊल टाकलं... आणि थबकले.

खोकला नाही. कण्हणं नाही. पंख्याची करकर नाही.

नुसतं... टप. टप. टप.

अकरा नंबर रिकामी. चादर मधोमध दबलेली. खुंटीवर रुमाल नव्हता.

खाटेखाली बादली. अर्धी भरलेली.

शेजारच्या खाटेवर म्हातारे नागाप्पा होते. मला बघून म्हणाले, "आत्ताच गेला की गैबी. पानी काढून घेतलं, रुमाल उचलला. म्हनला, हलकं वाटतंय. मदिनाला सांगा, जागा धरतो."

"काका, त्याला मी कोंडून आलेय!"

विठाबाई धावत आली. बादली बघून तिचं तोंड उतरलं.

"आज कुणाचंच पानी काढलं न्हाय गं..."

मी बादलीला हात लावला.

कोमट होती.

धावतपळत घर गाठलं. कुलूप जसंच्या तसं. आत घोरणं नाही. शिवी नाही.

दार उघडलं. गैबी उताणा पडलेला. डोळे उघडे. आणि पोट...

पोट सपाट. लग्नात होतं तसं.

अंथरूण कोरडं ठणठणीत.

संध्याकाळी माती दिली. तिसऱ्या दिवशी माझा धाकटा भाऊ चमन कबरीवर फुलं घालून आला. आला तो उंबऱ्यातच टेकला.

"काय रं?"

"आपा... दाजींच्या शेजारी मोकळी जागा हाय न्हवं? तिथं रुमाल पसरलाय. वर धोंडा ठेवलाय."

"लाल?"

"व्हय. कोपऱ्याला भोक."

चमननं तो उचलून पंचगंगेत सोडला. चाळिसाव्या दिवशी गेला, तर...

पुन्हा तिथंच.

आज नऊ वर्षं झाली. दरवर्षी चमन जातो. परतला की मी विचारते, "हाय?" तो खाली बघून मान डोलावतो.

जन्मात एक शपथ पाळली नाही मेल्यानं. ही एक जागा तेवढी इमानानं धरून बसलाय. बसू दे ताटकळत. मला घाई नाही.

पण एसटीत चढले, की कितीही जागा असली तरी मी बसत नाही. दांड्याला धरून उभी राहते, थेट मुडशिंगीपर्यंत.

कंडक्टर म्हणतो, "मावशी, बसा की. जागा हाय."

"हाय खरी," मी म्हणते.