दोन ओळी उलट्या

त्या दिवशी आभाळ सकाळपासून भरून आलं होतं, पण थेंब पडेना. वारा असा पडलेला, की झाडाचं पान हलत नव्हतं.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला ऑफिसात पोचला. सुट्टी, त्यामुळे चिटपाखरू नाही. काम रोजचंच, वीस कॉम्प्युटर नव्यानं भरायचे. प्रत्येक कॉम्प्युटर सुरू होताना नेटवर्कवर हाक मारतो, सर्व्हर ओ देतो, आणि एका डिस्कची हुबेहूब नक्कल त्याच्यात ओततो. जुनं सगळं पुसलं जातं.

कोपऱ्यातला कॉम्प्युटर त्याच्या थोरल्या भावाचा. दादा तिथंच बसल्या बसल्या गेला, त्याला चार महिने झाले. निघताना मागच्या गल्लीत राहणारी वहिनी येऊन म्हणाली होती,

"भावजी, जेवणाच्या सुट्टीत ते पोरीसाठी त्यात गोष्टी सांगून ठेवायचे. पोर अजून आवाज मागते. तेवढा घेऊन या."

"वहिनी, पहिलं तेच करतो."

आणि पहिलं तेच केलं. पण कुठून घ्यायचं नि कुठे ओतायचं, या दोन ओळी सरावलेल्या हातानं उलट्या भरल्या. दादाचं काढून घ्यायच्या ऐवजी कोरी नक्कल दादाच्या डिस्कवर ओतली गेली. लक्षात आलं तेव्हा पडद्यावरची पट्टी भरून गेली होती.

त्यानं त्या कॉम्प्युटरची वीज बंद केली, वायर काढून टेबलावर ठेवली. मग बाकीचे एकोणीस सुरू केले.

एकही सर्व्हरकडून नक्कल घेईना. सर्व्हरच्या आधी दुसरंच कुणीतरी ओ देत होतं. होतं असं कधीकधी, कुणी आगाऊपणे भलतंच यंत्र जोडून ठेवतो. त्यानं ओ देणाऱ्याचा नेटवर्कवरचा पत्ता वाचला, वहीत ताडून पाहिला. दादाच्या कॉम्प्युटरचा पत्ता.

तो कोपऱ्यात गेला. पडदा काळा, वायर टेबलावर तशीच. हात लावला तर पेटी गरम. आणि दादाच्या खोकल्याच्या गोळीचा तो वास...

एकोणीस पडद्यांवर एकच फाइल उतरत होती. तिचं नाव, दादा पोरीला ज्या नावानं हाक मारायचा तेच. 'चिमणे'.

"दादा...?"

पट्टी बारा टक्क्यांवर. कितीतरी वेळानं तेरा...

फोन खणखणला. साहेब.

"काय हो, झोपलात की काय? अंधार पडायच्या आत सगळे तयार हवेत. नाहीतर उद्यापासून येऊच नका!"

या गतीनं पहाट झाली असती. त्यानं पट्टीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"माफ कर, दादा..."

भिंतीवरच्या नेटवर्कच्या डब्यातून त्यानं कोपऱ्याकडे जाणारी वायर उपटली. एकोणीस पट्ट्या जागच्या जागी थांबल्या. पाठीमागं खुर्ची सरकली. त्यानं वळून पाहिलं नाही.

पुढचं काम लोण्यात सुरी फिरावी तसं झालं बघा.

दिवेलागणीला तो घरी आला. तो एकटाच राहायचा, म्हणून किल्ली शेजारच्या बाईंकडे असायची. त्या महिन्याभरापूर्वीच राहायला आलेल्या. जिन्यातच भेटल्या.

"अहो, तुमचे भाऊ आलेत. चेहरा अगदी तुमचाच! म्हणाले, तिथली जागा पुसून टाकली, आता इथंच राहतो. किल्ली दिली मी. मग तुमची पुतणी आली, काकांनी बाबांचा आवाज आणला का विचारत. तिलाही आत सोडलं. इतका वेळ गोष्ट सांगत होते तिला... आता मात्र दोघांचाही आवाज येईना झालाय."