देहवय सदतीस

साडीच्या दुकानातल्या माणसाने गादीवर बैठक मारली, भूषणकडे एक नजर टाकली आणि तोंडभर हसून म्हणाला, "दादा, वहिनींना मोरपिशी काढू का? जोडीला शोभून दिसेल."

प्रांजलीच्या आईने, मनीषाबाईंनी, खुशीत मान डोलावली. प्रांजलीला मात्र काय वाटावं तेच कळेना. मागच्या दिवाळीत याच दुकानात, याच माणसाने भूषणला विचारलं होतं, "काका, मुलीसाठी बघताय ना?" तेव्हा प्रांजली तणतणत बाहेर पडली होती आणि भूषण चष्मा पुसत, सावकाश जिना उतरत तिच्यामागून आला होता. "त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?" एवढंच तो म्हणाला होता.

आता दुकानदार तोच होता आणि भूषणही तोच. निदान ओळखपत्र तरी तसं सांगत होतं. हल्ली ओळखपत्रावर वयाचे दोन रकाने असतात. भूषण बोराडे यांचं जन्मवय सत्तावन्न, देहवय सदतीस. प्रांजली मोगल हिचे दोन्ही रकाने चौतिशीवर एकमताने थांबलेले.

मोरपिशी साडी उलगडली गेली. प्रांजलीने सवयीने पर्स उघडून भूषणचा जादा चष्मा बाहेर काढला. तो नेहमी घरी विसरायचा, म्हणून एक तिच्याकडे असायचाच. पण भूषणने लांबूनच चिठ्ठीवरची किंमत वाचली होती. "हीच घेऊन टाका," तो म्हणाला, "चला, पोटात कावळे ओरडताहेत." तिने चष्मा मुकाट्याने परत आत टाकला.

खरं म्हणजे हा सगळा घाट तिनेच घातला होता. ती माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमधून नमुने गोळा करत फिरायची, त्यात भूषणची बाग लागली आणि नमुन्यांचं निमित्त जरा वारंवार निघू लागलं. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. प्रकरण घरी कळलं तेव्हा मनीषाबाईंनी "बापाच्या वयाचा!" म्हणत अंथरूण धरलं. भूषणची मुलगी सानिका प्रांजलीहून फक्त दोन वर्षांनी लहान. तिने बापाशी बोलणंच टाकलं.

अशात नवपेशी उपचार आला. शरीरातल्या पेशींवर वर्षानुवर्षांच्या झिजेच्या खुणा साठलेल्या असतात, त्या धुऊन काढणारा. भूषणला त्याची काही हौस नव्हती. "आहे ते बरं चाललंय," तो म्हणायचा. पण प्रांजली हट्टाला पेटली. लोकांची तोंडं एकदाची बंद होतील, असं तिला वाटलं होतं.

"आठवणींना आम्ही हात लावत नाही," डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. "मेंदू त्यांचाच राहील. फक्त तो ज्या रक्तावर चालतो, ते रक्त तरुण होईल. आणि इथून पुढे त्यांचं वय निम्म्या वेगानं वाढेल."

"मग मीही घेते," प्रांजली उत्साहाने म्हणाली होती.

"पंचावन्नच्या आत देता येत नाही. पेशी पुरेशा थकल्या नसतील तर कर्करोगाचा धोका. आणि प्रत्येकाला लागू पडतोच असं नाही."

तेव्हा तिने ते एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून दिलं होतं. लोकांची तोंडं मात्र खरंच बंद झाली. मनीषाबाई 'बोराडे' म्हणून नाक मुरडायच्या, त्या 'भूषणराव, भूषणराव' करत लग्नाच्या याद्यांवर याद्या करू लागल्या. सगळं कसं मनासारखं होत होतं. मग आपल्याला रडू का येतंय, हे प्रांजलीला उमगत नव्हतं.

दुकानातून आईला घरी सोडून दोघं बागेकडे निघाली, तेव्हा सानिकाचा फोन आला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि तोही प्रांजलीला.

"काल न राहवून बाबांना भेटले," ती म्हणाली. "चौकातल्या पोरांनी विचारलं, भाऊ का म्हणून. मी काय सांगायचं गं?" थोडं थांबून ती पुढे बोलली, "आधी वाटायचं, तू माझे बाबा पळवलेस. आता वाटतं, तुझाही माणूस कुणीतरी पळवलाय."

"तसं काही नाहीये," प्रांजली घाईघाईने म्हणाली. गाडी चालवणारा भूषण मोठ्या आवाजात गाणं म्हणत होता. त्याला काही ऐकू गेलं नाही.

बागेत ऑक्टोबरची छाटणी चालू होती. या छाटणीत वेलीची काडी नेमकी कुठे कापायची याला फार महत्त्व. काडीच्या ज्या पेरात घड दडलेला असतो, त्याच्या वर कात्री चालली तर फळ, खाली चालली तर नुसता पाला. मागच्या वर्षीपर्यंत भूषणला ते पेर नीट दिसायचं नाही. तो प्रत्येक काडीवरून अंगठा फिरवायचा, भरीव पेर लागलं की थांबायचा आणि मगच कापायचा. एका वेलीला इतका वेळ लावायचा की मजूर कंटाळायचे. प्रांजली बांधावर बसून ते बघत राहायची.

आज तो सपासप कात्री चालवत पुढे गेला. ती मागून चालत आली आणि मध्येच थबकली.

"अहो, हे बघितलंत का? घडाच्या पेराखाली कापलंय. अख्ख्या ओळीला."

त्याने मागे वळून पाहिलं आणि हसला. "अरेच्चा! जाऊ दे, पुढच्या वर्षी येतील की. एका ओळीचं काय घेऊन बसलीस?"

मागच्या छाटणीला हाच माणूस म्हणाला होता, "माझ्या हातून आता अशा किती छाटण्या व्हायच्या? त्यातली एक वाया कशाला घालवू?" आणि कात्री बाजूला ठेवून त्याने तिचा हात हातात घेतला होता, काडी धरावी तसा, जपून. इतकं लक्ष देऊन तिच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तिचा जीव जडला होता तो त्या लक्ष देण्यावर.

"मी काय म्हणतो," भूषण कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "लग्न पुढच्या वर्षी केलं तर? आता घाई कसलीये? मोटारसायकल घेऊन लडाखला जाऊन येईन म्हणतो. गुडघे आता ऐकायला लागलेत."

लग्न जरा पुढे ढकलूया, हे शब्द दुकानापासून प्रांजलीच्याच ओठांवर होते. पण ते त्याच्या तोंडून ऐकताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्हाला नसेल घाई. मला आहे!" ती ओरडली. "माझं वय पूर्ण वेगानं धावतंय, कळतंय का? मी पंचावन्नची होईन तेव्हा तुम्ही सत्तेचाळिशीचे दिसाल. मला तो उपचार लागू पडला नाही तर? तोच दुकानदार मला विचारेल, मावशी, मुलासाठी सदरा बघताय का?"

तो हसू लागला आणि तिचा चेहरा बघून गप्प झाला.

"मी काय तुला सोडून जाईन असं वाटतं?"

"मागच्या वर्षीचे तुम्ही गेला नसतात. आताच्या तुमचं मला काही सांगता येत नाही."

भूषण बांधावर बसला. "मलाही सांगता येत नाही, प्रांजल," तो हळू आवाजात म्हणाला. "सकाळी उठलो की अंगात काहीतरी उधळलेलं असतं. मी त्याच्यामागे धावत सुटतो. थांबावं, बघावं, असं आठवतं सगळं. पण आठवेपर्यंत कात्री चाललेली असते. आणि तू म्हणालीस म्हणूनच तर मी..."

"हो. मीच म्हणाले होते."

मग प्रांजलीने पर्स उघडली, तो जुना चष्मा काढला आणि त्याच्या डोळ्यांवर चढवला.

"अगं, याच्यातून काही दिसत नाही! सगळं धूसर होतंय."

"होऊ दे. उठा."

तिने त्याला पुढच्या ओळीतल्या वेलीपाशी नेलं आणि एक काडी त्याच्या हातात दिली. तो चाचपडला, वैतागला. मग त्याचा अंगठा काडीवरून आपसूक फिरू लागला. एक पेर, दुसरं पेर. कुठेतरी येऊन तो थांबला, थोडा मागे आला, पुन्हा थांबला.

"इथे," तो म्हणाला. प्रांजलीने वाकून पाहिलं. बरोबर तेच पेर होतं. त्याने त्याच्या वर, जपून कापलं.

तिचे डोळे भरून आले. तिला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, आणि त्यातलं नेमकं काय खरं हे तिला कळत नव्हतं. त्याने कात्री खाली ठेवली, हवेत चाचपडत तिचा चेहरा शोधला आणि गालावरून हळूच अंगठा फिरवला, कितीतरी दिवसांनी तसाच. ती हलली नाही.

"डोकं दुखायला लागलं गं," थोड्या वेळाने तो म्हणाला. त्याचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथेच थांबला. "प्रांजल, आता काढू का?"