आधी तू, मग ढोल

शनिवारी दुपारी नूरिसबाईंच्या पार्लरमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि नेमका तेव्हाच तो दारात येऊन उभा राहिला. उंच, काळाभोर. हातात कागदांची चळत, खांद्यांवर पावसाचे थेंब.

ब्रॉन्क्सच्या त्या गल्लीत शनिवार म्हणजे केस सरळ करायचा दिवस. सहा ड्रायर एकदम घोंगावत होते. नूरिसबाईंची लेक यानिरिस एका गिऱ्हाइकाच्या डोक्यात रोलर गुंडाळत होती.

“पर्सा जवळ घ्या गं बायांनो,” नूरिसबाई स्पॅनिशमध्ये म्हणाल्या. “हा इंग्रजीवाला काळा कोण आलाय?”

यानिरिसनं मान वर केली... आणि रोलर हातातच राहिला.

“काळा आहे खरा,” तीही स्पॅनिशमध्येच म्हणाली, “पण आई, डोळे बघ ना! देवानं रंगावर वेळ घालवलाच नाही, सगळा डोळ्यांवर घालवला.”

बायका खो खो हसल्या. तो शांतपणे हसू ओसरायची वाट बघत राहिला.

“डोळे आईकडचे,” तो चोख स्पॅनिशमध्ये म्हणाला. “रंग मात्र दोघांकडचा. त्यावरही बराच वेळ गेलाय, बरं का.”

आता फक्त ड्रायर बोलत होते. यानिरिसला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला रोलरसकट पोटात घ्यावं.

“अगं बाई! तू आपल्यातला?” नूरिसबाई म्हणाल्या. “मग आधी बोलायचंस ना!”

“लोइसाचा, काकू. पोर्तो रिको. तुमच्या डोमिनिकन बेटाशेजारचंच बेट. पण बोलणार कधी? तुम्ही आधी पर्सा उचलल्या.”

काचेवर एक कागद चिकटवून तो गेला. रविवारी दुपारी, पलीकडच्या गल्लीतल्या बागेत, पोर्तो रिकोच्या बोम्बाचा ढोल आणि नाच. खाली नाव होतं, एलादियो.

त्या रात्री यानिरिस आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. तिचा रंग तरी काय होता? दालचिनीचा. पण त्यांच्या घरात ‘काळा’ हा शब्द नेहमी दुसऱ्यासाठीच असायचा. लग्न असं करावं की नातवंडं आपल्याहून उजळ निघावीत, असं आई उठता-बसता म्हणायची. आणि यानिरिसनं कधी ‘का?’ असं विचारलं नव्हतं. आज पहिल्यांदा तिला स्वतःची लाज वाटली.

रविवारी ती बागेत गेली. ढोल पायांत धरून तो बसला होता.

“काल मी... म्हणजे... माझं चुकलंच.”

“कशात? डोळ्यांच्या बाबतीत?”

“छे! ते बरोबरच होतं—” तिनं जीभ चावली.

“मग निम्मीच माफी लागते. तेवढ्यासाठी नाच.”

नाच? हात्तिच्या! नाचात तिला कोण हरवणार? लग्नकार्यात ती उतरली की बाकीच्या पोरी बाजूला व्हायच्या. ती ऐटीत रिंगणात गेली आणि ताल सुरू व्हायची वाट बघू लागली. वाट बघितली... बघितली... बाकीचे ढोलकरी एकाच लयीत नुसतं घुमवत बसलेले, आणि एलादियोचे हात ढोलावर गप्प. भोवतीचे लोक गालात हसायला लागले.

“कुणाची वाट बघतेस, महाराणी?”

“ढोलाची!”

“ढोल तुझी बघतोय. इथं आधी तू, मग ढोल. तू जे करशील, ते मी वाजवायचं.”

काहीतरीच! वैतागून तिनं एक खांदा उडवला.

धप्प!

ती दचकली. पुन्हा खांदा. धप्प! तिनं स्कर्टची कड झटकली, तर ढोलावर सर्रकन बोटं फिरली. पाय आपटला, तर जमीन घुमली. मुद्दाम फसवून ती मध्येच थांबली. तोही थांबला, तिच्या चेहऱ्यावरची नजर न काढता. बावीस वर्षं ती दुसऱ्याच्या तालावर नाचली होती. तिच्या खांद्याला, तिच्या टाचेला, तिच्या थांबण्यालासुद्धा आवाज आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. डोळे भरून आले, आणि ढोलानं तेही हलकेच वाजवलं. देवाशप्पथ, वाजवलं!

मग काय, रविवारमागून रविवार. आईला सांगायचं, मैत्रिणीकडे जाते.

“आज उशीर झाला,” तो म्हणायचा.

“वाट बघत होतास?”

“मी नाही. ढोल बघत होता.”

“मग ढोलालाच विचारते, मी आवडते का ते.”

“विचार की. तो माझ्यापेक्षा खरं बोलतो.”

सातव्या रविवारी मात्र तो हसला नाही. “यानी, आईला माझं नाव सांगितलंस?”

“सांगते रे... जरा सवड मिळू दे.”

“माझा जीव जडलाय तुझ्यावर. पण मी कुणाचं गुपित म्हणून राहणार नाही. पुढच्या रविवारपर्यंत सांग. नाहीतर येऊ नकोस.”

आठवडाभर ती आईसमोर जाऊन उभी राहायची. नाव जिभेवर यायचं आणि तिथंच विरघळायचं. पण केसांत जन्म घालवलेल्या बाईला काय कळायचं राहतं? शनिवारी आपल्या हातांनी सरळ केलेले लेकीचे केस दर रविवारी संध्याकाळी घामानं मुळाशी कुरळे झालेले असतात, हे नूरिसबाईंनी केव्हाच हेरलं होतं. एलादियोचं नाव न सांगताच लेक त्या रविवारीही निघाली, तशा त्या मागोमाग निघाल्या.

यानिरिस रिंगणात उतरणार, तोच फाटकात आई दिसली. एलादियोनंही पाहिलं. त्याचे हात ढोलावर स्थिर. या वेळी तो काही वाजवणार नव्हता. जे करायचं ते तिनंच.

ती फाटकाशी गेली, आईचा हात धरला आणि तिला थेट ढोलासमोर आणून उभं केलं.

“आई, हा एलादियो. मैत्रिणीकडे नाही, मी याच्याकडे येते. माझं प्रेम आहे याच्यावर. आणि तो काळा असेल तर मीही काळीच आहे... आपण सगळेच आहोत.”

एलादियो उठून उभा राहिला.

नूरिसबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. “माझे वडील असेच होते,” त्या म्हणाल्या. “अगदी याच रंगाचे. एकदा शाळेत डबा घेऊन आले. मैत्रिणींनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, आमचा गडी.” त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला. “त्यांनी ऐकलं. डबा ठेवला आणि गेले. आणि ही पोरगी... सगळ्यांसमोर...”

यानिरिसनं आईला असं कधीच पाहिलं नव्हतं.

“काकू,” एलादियो हलक्या आवाजात म्हणाला, “त्यांचं नाव काय होतं?”

“सेकुंदिनो.” शब्द जेमतेम ओठांबाहेर आला. मग त्यांनी डोळे पुसले, भोवतीच्या लोकांकडे पाहिलं आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “सेकुंदिनो मातेओ. माझे वडील.”