नेलिदाने घेतलेला श्वास

खोटं वाटत असेल, तर मोंतेविदेओ शहराच्या पालेर्मो वस्तीत जा आणि व्हायोला वाजवणाऱ्या मारिताला विचारा. देवाभुतांच्या नादी लागणारी बाई नाही ती. पण त्या शनिवारचं विचारलंत, तर आधी उठून खिडकी उघडेल. मग बोलेल.

नेलिदा गेल्याचं कळलं, तो जुलैमधला दिवस. तिकडचा ऐन हिवाळा, कडाक्याची थंडी आणि पाऊस.

तिचा नवरा विल्मार, आयुष्यभर शहराची बस चालवलेला माणूस, तेव्हा तिच्याजवळ नव्हता. तिनेच त्याला इस्पितळातून तालमीच्या खोलीवर पाठवलं होतं. खुर्चीवर राहिलेली शाल आणायला. त्याने शाल उचलली आणि मारिताचा फोन वाजला.

मारिताने फोन कानाला लावला. मग विल्मारकडे बघितलं.

त्याला कळलं.

खोलीत चौघं वादक होते. सगळ्यांत आधी तोंड उघडलं ते फाब्रिसियोने. चेलो वाजवणारा, चौघांचा म्होरक्या.

"तिचं रेकॉर्डिंग आहे ना आपल्याकडे?"

विल्मारला पहिली किळस आली ती तेव्हा.

नेलिदा कविता लिहायची आणि लोकांसमोर म्हणायची. हे चौघं सोबत वाजवायचे. गोड चाली नव्हेत, आजचं संगीत. तारा खरवडायच्या, लाकडावर टिचक्या मारायच्या. विल्मार म्हणायचा, "याच्यापेक्षा माझ्या बसचा गिअर बरा वाजायचा."

"गप रे म्हाताऱ्या," नेलिदा हसायची. "तुझ्या बसला कविता येत होती का?"

पुढे उभं राहून हात हलवणारं कुणी नसे. प्रत्येक कडव्याआधी नेलिदा नाकाने खोल श्वास घ्यायची. तो ऐकू येई. त्या श्वासाबरोबर चौघांचे गज वर उचलले जात. श्वास भरला की शब्द आणि सूर एकदम.

वर्षानुवर्षं हेच. त्यांना त्याचा विचारही करावा लागत नसे.

महिन्याभराने फाब्रिसियोने तिच्या आठवणीचा कार्यक्रम ठरवला. ती नाही, तर तिचा आवाज. मधोमध तिची रिकामी खुर्ची, मागे स्पीकर. त्याने विल्मारकडून शालही मागून घेतली. खुर्चीवर टाकायला.

पहिल्याच तालमीला चौघं अडखळले. कुणाचा गज आधी, कुणाचा नंतर.

"हिचा श्वास कुठे गेला?" मारिताने विचारलं.

"काढून टाकले सगळे," फाब्रिसियो म्हणाला. तो गोड पाव खात होता. दुधाचा घट्ट गोड लगदा त्याच्या मिशीला लागला होता. "शेवटी शेवटी किती घरघरायची ती! ऐकवत नव्हतं. आता बघ. जिवंत होती त्यापेक्षा स्वच्छ वाटते."

"अरे गाढवा, आम्ही त्या श्वासावरच उचलायचो!"

"मग मी मान हलवतो. त्यात काय एवढं?"

विल्मार कोपऱ्यात ऐकत होता. स्पीकरमधून त्याची बायको बोलत होती. कडव्यामागून कडवं. श्वास न घेता. मासळीच्या पाटीत तोंडाची उघडझाप करत राहणाऱ्या माशासारखी.

तो उठून पुढे आला.

"हे वाजवू नकोस," तो म्हणाला.

"जाहिराती लागल्यात, विल्मार. आणि तिलाही आवडलं असतं."

"तिला काय आवडायचं ते मला विचार. मेलेल्या बाईच्या तोंडात हात घालून बोलायला लावतोयस तू तिला."

फाब्रिसियोने मिशी पुसली. "दुःखात आहेस. मी मनावर घेत नाही."

विल्मार कार्यक्रमाला जाणारच नव्हता. पण तिला त्या माणसाबरोबर एकटी कशी सोडायची? म्हणून गेला.

शनिवार. संध्याकाळ. जुन्या क्लबचं सभागृह गच्च भरलेलं.

पहिलं कडवं फाब्रिसियोच्या मानेवर सुरू झालं. ठीक.

दुसऱ्याच्या आधी शांतता झाली. फाब्रिसियोने अजून मान हलवली नव्हती...

आणि श्वास ऐकू आला.

नाकाने घेतलेला. खोल. स्पीकरमधून नाही...

खुर्चीतून.

चारही गज एकदम वर गेले. फाब्रिसियोचाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण हात सवयीचे होते.

विल्मारच्या डोळ्यांत पाणी आलं. आली. माझी नेलिदा आली...

तिसऱ्या कडव्याआधीचा श्वास ओला होता.

चौथ्याआधीचा त्याहून ओला. आत कफ हलल्यासारखा... खर्रर्र...

तो आवाज विल्मारने इस्पितळात ऐकला होता. नळीने कफ ओढून काढताना. आणि आता वासही आला. औषधाचा, आंबलेल्या थुंकीचा, गोडूस. पहिल्या रांगेतल्या बाईने नाकाला रुमाल लावला. कुणीतरी ओकारी दाबली.

विल्मारनेही तोंड फिरवलं.

ज्या श्वासाशेजारी तो जन्मभर झोपला, त्याचीच त्याला किळस आली. आणि किळस आली म्हणून स्वतःची त्याहून जास्त.

शेवटचं कडवं झालं. शेवटची ओळ झाली. सूर विरले. फाब्रिसियोने स्पीकर बंद केला.

संपलं...

तेवढ्यात पुन्हा श्वास.

लांबलचक. आत, आत, अजून आत... आता घरघर नव्हती. आजारपणाआधीचा, स्वच्छ, तिचाच श्वास.

चारही गज वर गेले.

पुढे वाजवायला काही नव्हतं. तरीही गज वर राहिले. सगळं सभागृह वाट बघत होतं. विल्मार उठून उभा राहिला होता.

शब्द आला नाही.

श्वास बाहेरही आला नाही.

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळेच वाजवू लागले.

फाब्रिसियोचा रंग परतायला वेळ लागला नाही. बाहेर त्याने विल्मारच्या खांद्यावर हात टाकला. "खरं सांग, तो आवाज तूच लावलास ना? कमाल केलीस! पुढच्या कार्यक्रमात असाच ठेवू."

विल्मारने त्याचा हात झटकला. पालीसारखा.

मारिताने व्हायोला पेटीत ठेवला आणि म्हणाली, "मी नाही वाजवणार आता." कार्यक्रमाचं जे रेकॉर्डिंग झालं, त्यात श्वास नाही. नुसते चार गज आहेत, एकदम वर जाणारे.

विल्मारने शाल घरी आणली. काठाशी, तोंड येईल तिथे, ती ओली होती.

त्याने ती धुतलेली नाही. ती अजून वाळलेली नाही.

तो ती तिच्या उशीवर ठेवतो आणि कान देऊन पडून राहतो. नेलिदाने कधी उगाच श्वास घेतला नाही. श्वास घेतला, म्हणजे पुढे ओळ असायची.

ती ओळ अजून म्हणायची राहिली आहे.