पाणपिसवांची साक्ष

"मेल्या," वकील म्हणाला. "सगळ्याच्या सगळ्या."

"हळू बोल रे," शंका म्हणाली. जणू हळू बोललं तर त्या थोड्या कमी मेल्या असत्या.

विज्ञानाच्या खोलीतल्या लांबलचक टेबलावर काचेच्या बरण्या मांडलेल्या होत्या. कालपर्यंत त्यांत पाणपिसवा टुणटुण उड्या मारत होत्या. पाणपिसू म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा, काचेसारखा आरपार दिसणारा जीव. चावत नाही, डसत नाही, डबक्यात सुखाने राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्याचं इवलंसं हृदय धडधडताना दिसतं. पाणी गार होत गेलं की ही धडधड किती मंदावते, हे शोधून काढायचा या तिघांचा सुट्टीतला प्रकल्प होता. आणि आज सगळ्या धडधडी बरण्यांच्या तळाशी पांढऱ्या भुकटीसारख्या पडल्या होत्या.

शंका हे काही तिचं खरं नाव नव्हे. वर्गात "बाई, पण..." असं म्हणत तिचा हात सारखा वर असायचा, म्हणून ते पडलं. वकील कोणाशीही, कशावरूनही वाद घालायचा. आणि शेपूट ही वकिलाची धाकटी बहीण. दादा जाईल तिथे ती मागे, त्यामुळे तिला दुसरं नाव शोधायची कोणाला गरजच पडली नाही.

"पाणी काल तूच बदललंस ना?" वकिलाने उलटतपासणी सुरू केली.

"हो."

"शिळं घातलंस, की नळाचं ताजंच ओतलंस?"

नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं. ते माणसाला चालतं, पाणपिसवांना नाही. म्हणून पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं, औषध उडून जाऊ द्यायचं, आणि मगच बरणीत घालायचं. त्याला ही मंडळी 'शिळं पाणी' म्हणत.

"शिळंच घातलं. या बादलीतलंच."

"मग हाताला साबण असेल तुझ्या."

हे शंकाला आधीच सुचलं होतं. स्वतःवर संशय घ्यायला तिला वकील लागत नसे. हात धुतले होते का आपण? कशाने धुतले? पुसले होते का? विज्ञानाच्या बाई प्रशिक्षणाला परगावी गेल्या होत्या आणि जाताना बरण्या तिच्यावर सोपवून गेल्या होत्या. 'तू आहेस म्हणून मला काळजी नाही,' असं म्हणाल्या होत्या.

"यातल्या नाचतायत," खिडकीपाशी उभी राहून शेपूट म्हणाली.

खिडकीतल्या हिरवट पाण्याच्या बरणीत पाणपिसवा खरोखरच मजेत होत्या.

"तिचं पाणी मी बदललं नव्हतं," शंका पुटपुटली. "कंटाळा आला होता."

"वा. म्हणजे तुझ्या कंटाळ्याने जीव वाचवले," वकील म्हणाला.

शंकाने बाईंना फोन लावला. बोलता बोलता तिचा आवाज फुटला.

"आधी श्वास घे," बाई म्हणाल्या. "आणि काय झालं असेल ते नको सांगूस, काय दिसतंय तेवढं सांग."

तिने सांगितलं.

"मग आता एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा. आणि कुठल्या बरणीत काय आहे ते बघणाऱ्याला कळू देऊ नका. आपल्याला हवं तेच दिसायला लागतं गं. माझंसुद्धा होतं तसं."

वकिलाच्या घरी मासे पाळलेले होते, त्यामुळे तिथे शिळ्या पाण्याची बादली कायम भरलेली असे. तो सायकल दामटत जाऊन त्यातलं पाणी घेऊन आला. बरण्या त्याने स्वतः, नुसत्या पाण्याने विसळल्या. शंकाने कशालाही हात लावायचा नाही असं ठरलं. ती हात पाठीमागे बांधून उभी राहिली. निम्म्या बरण्यांत शाळेच्या बादलीतलं पाणी, निम्म्यांत घरचं. चिठ्ठ्या बरणीच्या बुडाला चिकटवलेल्या. खिडकीतल्या पाणपिसवा सगळ्यांत वाटल्या. मग शेपटीने दादाला आणि शंकाला खोलीबाहेर काढलं आणि बरण्यांची मनसोक्त अदलाबदल केली.

दुपार कलताना शंकाने बघून सांगितलं, "या बरण्यांतल्या चांगल्या आहेत. या तळाला चालल्यात."

वकिलाने बरण्या उचलून बुडं पाहिली. तळाला चाललेल्या एकूणएक बरण्या शाळेच्या पाण्याच्या होत्या.

"तुझे हात निर्दोष सुटले," तो म्हणाला. "पाण्यातच काहीतरी आहे."

शंकाला क्षणभर इतकं हलकं वाटलं की ती चक्क हसली. तेवढ्यात शेपूट म्हणाली, "पण दादा, आपल्या घरी आणि शाळेत पाणी एकाच ठिकाणाहून येतं ना?"

"येतं. पण इथे ते आधी गच्चीवरच्या टाकीत साठतं, मग नळाला..."

पुढचं शंकाला ऐकू आलं नाही. गच्चीवरच्या टाकीला गेल्याच आठवड्यात आतून कोटिंग करून घेतलं होतं, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून रंगासारखा लेप दिला होता. आणि ते काम केलं होतं तिच्या मामाने.

गच्चीचं दार नुसतं लोटलेलं होतं. सिमेंटच्या टाकीवर चढायला छोटी लोखंडी शिडी होती. वकील आणि शंकाने मिळून झाकण सरकवलं, तसा डोळ्यांना झोंबणारा वास अंगावर आला. पाण्याच्या वर टाकीची भिंत निळी, चकचकीत, अगदी नवी कोरी दिसत होती. शंकाने बोट लावलं. ते चिकटलं. सोडवून घेतलं तर निळं झालेलं, आणि भिंतीवर बोटाचा ठसा.

"सुकलंच नाहीये," वकील म्हणाला. "आणि वर पाणी भरून टाकलंय."

सुट्टीत त्या टाकीचं पाणी कोणी पीत नव्हतं. पण उद्या बालवर्गाचं शिबीर सुरू होणार होतं. शाळाभर चिल्लीपिल्ली येणार, उन्हात खेळणार आणि नळाखाली तोंडं धरणार.

"चल, मोठ्या सरांना सांगू."

"आधी मामाला," शंका म्हणाली. "माझा मामा आहे रे तो."

मामा संध्याकाळी तिच्या घरीच होता. तो आला की घरात हसणं यायचं. शंकाला सायकल त्यानेच शिकवली होती, आणि पहिल्या धडपडीनंतर गुडघ्यावर फुंकरही त्यानेच घातली होती. त्याची कामं मात्र टिकत नसत. अर्ध्या गोष्टी तो 'होऊन जाईल' म्हणून सोडून देई. हे काम आईने मोठ्या सरांना गळ घालून त्याला मिळवून दिलं होतं.

"मामा, टाकीचं कोटिंग ओलं आहे."

"वरवर लागत असेल गं. रंग पातळ करायचं थिनर जरा सढळ हाताने घातलंय, झटपट सुकतं. होऊन जाईल."

"आमच्या पाणपिसवा मेल्या."

"पिसवा मेल्या? मग लोक मला वेगळे पैसे देतील त्याचे." तो खो खो हसला.

"मामा, खरंच. तू बघून ये ना एकदा."

"अगं, तुझ्या सरांनी घाई केली. शिबिराच्या आत टाकी भरून हवी म्हणाले. आता भरलेल्या टाकीत पोहत जाऊन बघू का?"

आईने तिला स्वयंपाकघरात ओढलं. "किती दिवसांनी काम मिळालंय त्याला, ठाऊक आहे ना? तुझ्या त्या बरण्यांपायी शाळेत काही बोलू नकोस."

रात्री शंका कुशी बदलत राहिली. आपलं चुकत असलं तर मामाचं नाव फुकट खराब होईल. आपलं बरोबर असलं तर? ते तर त्याहून वाईट होतं.

सकाळी शाळेत पोचताच ती वकिलाला म्हणाली, "चल सरांकडे." म्हणेपर्यंत पाय निघालेही होते.

मोठ्या सरांच्या शर्टाला शिबिराचा बिल्ला होता आणि कपाळाला घाम. "पाणपिसवा मेल्या म्हणून शिबीर बंद करू? उद्या म्हणाल डास आजारी आहेत, खिडक्या उघडा."

"सर, आम्ही प्रयोग केलाय," वकील म्हणाला.

"प्रयोग तुमचा, बरण्या तुमच्या, निकालही तुमचाच. जा, मुलांना रांगेत उभं करायला मदत करा."

ती दोघं तोंड पाडून बाहेर आली, तर नळांपाशी ही गर्दी! पोरं पाणी पीत मात्र नव्हती. नळांपासून चार हात लांब उभी राहून ती भोकाड पसरत होती. मध्यभागी हात फैलावून शेपूट उभी.

"काय सांगितलंस तू यांना?" शंकाने विचारलं.

"नळात पिसवा आहेत म्हणून."

"अगं, पण नळात पिसवा नाहीतच. या पाण्यात त्या जगतच नाहीत, तीच तर भानगड आहे!"

"ते यांना समजावून सांगायला वेळ नव्हता," शेपूट शांतपणे म्हणाली.

रडारड ऐकून मोठे सर धावत आले. काय झालं ते कळल्यावर त्यांचा चेहरा लालबुंद झाला. आता आपण तिघं कायमची शाळेबाहेर, असं शंकाला वाटलं. पण वकिलाला अशा वेळीच सुचायचं.

"सर, आमचा निकाल आमचाच आहे, हे तुमचं बरोबर आहे. मग प्रयोग तुम्हीच करा. पाणी तुम्ही भरा, बरण्या तुमच्या खोलीत तुमच्यासमोर ठेवा. आम्ही हातही लावत नाही. खोटे ठरलो तर सुट्टीभर शाळा झाडू."

"मी नाही झाडणार," शेपूट म्हणाली.

सरांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "ठीक आहे. एकदाच काय ते होऊन जाऊ दे. तोवर नळ बंद, नाहीतर ही रडारड थांबायची नाही. आणि हिच्या मामालाही बोलवा. त्याच्या कामाबद्दल बोलताय, तर त्याच्यासमोर बोला."

सरांनी बाह्या सरसावल्या. निम्म्या बरण्यांत शाळेच्या बादलीतलं, निम्म्यांत वकिलाच्या घरचं पाणी स्वतः ओतलं. डबक्यातून आणलेल्या नव्या पाणपिसवा चमच्याने सोडल्या. चिठ्ठ्या बुडाला चिकटवल्या आणि सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावून बरण्या फिरवल्या. हे सगळं करताना त्यांची जीभ किंचित बाहेर आली होती, हे फक्त शेपटीला दिसलं, कारण तिने भिंतीकडे तोंड केलंच नव्हतं.

मामा आला, खुर्चीत बसला, भाचीकडे बघून डोळे मिचकावले. शंकाने मान खाली घातली.

मग वाट पाहणं. बाहेर अंगणात मुलांची गाणी चाललेली, आणि खोलीत चार माणसं आणि एक शेपूट बरण्यांकडे टक लावून बसलेली. सगळ्या पाणपिसवा छान उड्या मारत होत्या. सर घड्याळ बघत. वकील नखं खात. शंकाच्या लक्षात आलं की आपण त्या इवल्या जिवांच्या मरणाची वाट बघतोय. तिला स्वतःची शिसारी आली. लगेच वाटलं, नको, जगू देत, मामा सुटेल. आणि मग अंगणातली गाणी कानावर आली, आणि आपल्याला नक्की काय हवंय तेच तिला कळेना. 'आपल्याला हवं तेच दिसायला लागतं' असं बाई म्हणाल्या होत्या. तिने डोळे पुसले आणि ठरवलं, काहीच हवं म्हणायचं नाही. नुसतं बघायचं.

बराच वेळ गेला. सर उठायच्या बेतात होते.

"ही दमली वाटतं," मामा म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मामा खुर्ची सोडून टेबलापाशी आला होता. त्याच्या समोरच्या बरणीत एक पाणपिसू उडी मारायची, अर्ध्यावर यायची आणि कलंडत खाली जायची. मग शेजारची दुसरी. पलीकडच्या बरणीतही तेच. बाकीच्या बरण्यांत नाच तसाच चालू होता.

मामाने ती बरणी उचलून बूड पाहिलं. चिठ्ठी शाळेच्या पाण्याची होती. बरणी खाली ठेवून तो खोलीबाहेर गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली. तो परत आला तेव्हा त्याची बोटं निळी होती.

"चिकट आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज शंकाने असा कधी ऐकला नव्हता. "सर, तुम्ही घाई केलीत, पण नाही म्हणायचं काम माझं होतं. थिनर जास्त घातलं, सुकायला दिलं नाही. आज पोरांनी ते प्यायलं असतं."

सर मटकन खुर्चीत बसले. म्हणाले, "आणि मी या तिघांना रांगा लावायला पाठवत होतो."

"मामा, तू रागावलास?" शंकाने विचारलं.

"रागावलोय की. पण तुझ्यावर नाही." त्याने निळी बोटं तिच्या नाकासमोर धरली. "काल घरी तू सांगत होतीस आणि मी हसत होतो. त्याची लाज वाटते मला."

त्या दिवशी मुलांसाठी बाहेरून पाण्याचे कॅन आले. मामाने टाकी रिकामी केली, कोटिंग पार खरवडून काढलं आणि नवीन दिलं, स्वतःच्या खर्चाने. ते पुरतं सुकेपर्यंत तो रोज गच्चीवर जाऊन बोट लावून येई. मग टाकी धुतली, पुन्हा भरली, पुन्हा धुतली. बाई परतल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शंकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हृदयाची धडधड मोजायला निघालात आणि केवढं काम करून बसलात." घरी आई शंकाला जवळ घेऊन बराच वेळ तशीच उभी राहिली.

टाकी शेवटची भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी शिबिराची सगळी चिल्लीपिल्ली विज्ञानाच्या खोलीच्या दाराशी गोळा झाली. टेबलावर नव्या पाण्याच्या बरण्या होत्या आणि त्यांत नुकत्याच सोडलेल्या पाणपिसवा. मोठ्या सरांनी नळाचं पाणी भरलेला पेला हातात धरला होता.

"काय मग," त्यांनी शंकाला विचारलं, "पिऊ?"

शंकाने बरण्यांवरून नजर फिरवली. सगळ्या उड्या मारत होत्या. सगळे तिच्याकडे बघत होते, दाराशी उभा असलेला मामासुद्धा. 'हो' म्हणणं किती सोपं होतं.

"अजून सांगता येणार नाही, सर," ती म्हणाली. "उद्यापर्यंत थांबू या."

वकिलाने कपाळावर हात मारला. पण मोठ्या सरांनी पेला काळजीपूर्वक टेबलावर ठेवला आणि दाराकडे वळून म्हणाले, "ऐकलंत ना रे? उद्या."